भांडण त्यांचं, टाळ्या आपल्या

२०२५ च्या फेब्रुवारीत मी न्यू जर्सीला लेकीकडे होतो. नऊ तारखेला रविवार होता आणि तिच्या घरी पाच-सहा मराठी कुटुंबं जमली होती. निमित्त होतं 'सुपर बोल' या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचं. त्या खेळातलं मला काही कळत नाही. माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळतात, शिट्टी वाजते आणि सगळे उठून पुन्हा ओळीत उभे राहतात, एवढंच मला दिसतं. फिलाडेल्फियाचा संघ मध्यंतराला चोवीस-शून्य असा पुढे होता, त्यामुळे मोठ्यांचं लक्ष सामन्यावरून उडून बटाटेवड्यांकडे वळलं होतं. मध्यंतर झालं मात्र, आणि आतल्या खोलीत व्हिडिओ गेम खेळत बसलेली सगळी मुलं धावत बाहेर आली. केंड्रिक लामार गाणार होता.

रॅप म्हणजे तालावर झरझर बोललेली यमकबद्ध कविता, इतपत मला माहीत होतं. लामार हा कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टन गावचा. २०१८ साली त्याला संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं, म्हणजे गडी साधा नव्हे. कार्यक्रम रंगात आला आणि एका ओळीवर सबंध स्टेडियम एका आवाजात ओरडलं. त्याबरोबर आमच्या दिवाणखान्यातली आठ ते पंधरा वर्षांची सगळी मुलंही ओरडली. त्या ओळीत 'मायनर' या शब्दावर श्लेष आहे. संगीतात त्याचा अर्थ एका प्रकारची सुरावट आणि कायद्यात अल्पवयीन. ज्याला उद्देशून ते गाणं आहे त्या ड्रेक नावाच्या गायकावर मुलींच्या संदर्भात केलेला तो आरोप आहे. ड्रेकने तो नाकारला आहे आणि कोणत्याही न्यायालयात तो सिद्ध झालेला नाही. आठ वर्षांच्या मुलीची आई तिला उगाचच पाणी प्यायला आत घेऊन गेली.

माझा नातू पंधरा वर्षांचा. त्याला मी हळूच विचारलं, "अरे, पण हे खरं आहे का?"

त्याने माझ्याकडे दयाबुद्धीने पाहिलं. "आजोबा, तसं नसतं ते. बीफ आहे. हा जिंकला, तो हरला. संपलं."

'बीफ' म्हणजे तिकडच्या पोरांच्या भाषेत भांडण. मला क्षणभर भलतंच वाटलं होतं. पण ते सोडा. खरं की खोटं हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे, हे नातवाचं उत्तर पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जाईना. त्या उत्तरात थोडं शहाणपण होतं आणि मला भिववणारंही काहीतरी होतं.

आधी हकीकत थोडक्यात सांगतो. ड्रेक कॅनडातल्या टोरोंटोचा. लहानपणी दूरचित्रवाणी मालिकेत काम केलेला, पुढे अमाप लोकप्रिय झालेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ड्रेक आणि जे. कोल यांच्या एका गाण्यात कोलने स्वतःला, ड्रेकला आणि लामारला मिळून तिघे श्रेष्ठ असं म्हटलं. मार्च २०२४ मध्ये लामारने, तिघे वगैरे काही नाही, मी एकटाच, अशा अर्थाचं उत्तर दिलं. इथपर्यंत हा नेहमीचा फडावरचा तोरा होता. एप्रिलमध्ये गाण्याला गाणं सुरू झालं. ड्रेकने तर एका गाण्यात दिवंगत टुपाक शकूरचा आवाज संगणकावर तयार करून वापरला आणि टुपाकच्या वारसांच्या वकिलांनी नोटीस दिल्यावर ते गाणं मागे घेतलं. मग मे महिन्याचा पहिला आठवडा आला. तीन तारखेच्या रात्री ड्रेकचं गाणं आलं, त्यात लामारच्या संसाराविषयी गंभीर आरोप होते. तासाभराच्या आत लामारचं उत्तर आलं. ते ड्रेकच्या आईवडिलांना, लहान मुलाला आणि ड्रेकला एक लपवलेली मुलगी आहे असं सांगून त्या मुलीला, पत्र लिहावं तसं रचलेलं होतं. दुसऱ्या दिवशी 'नॉट लाइक अस' आलं, ज्यावर आमचा दिवाणखाना ओरडला तेच. पाच तारखेला ड्रेकचं शेवटचं गाणं. त्यात त्याने आरोप नाकारले आणि आपणच खोटी माहिती पेरली होती असंही सांगितलं.

सात तारखेच्या पहाटे ड्रेकच्या टोरोंटोतल्या घरासमोर गोळीबार झाला आणि त्याचा एक सुरक्षारक्षक गंभीर जखमी झाला. गोळी झाडणाऱ्याच्या मनात काय होतं हे पोलिसांनी तेव्हा सांगितलं नाही. पण 'नॉट लाइक अस'च्या मुखपृष्ठावर त्याच घराचं आकाशातून घेतलेलं चित्र होतं, एवढं खरं.

त्या आठवड्यात लक्षावधी माणसं रात्र रात्र जागत होती. नातवाने मला सांगितलं की तो आणि त्याचे मित्र शाळेच्या बसमध्ये एकेका ओळीचा अर्थ लावत असत. अमुक शब्द म्हणजे अमुक माणूस, अमुक आकडा म्हणजे अमुक तारीख. ज्ञानेश्वरीवरच्या टीकेला लागत नसतील इतके कष्ट. या मुलांचं त्या दोघांशी काय नातं? १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी दूरचित्रवाणी नवीन असताना एक निरीक्षण नोंदवलं होतं. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशी बोलतो असं वाटून प्रेक्षकाच्या मनात त्याच्याशी ओळखीचं, घरोब्याचं नातं तयार होतं आणि ते एकतर्फी असतं. आपल्या घरातली एखादी काकू मालिकेतल्या सासूला शिव्या घालते ते याच नात्याने. रॅपमध्ये ते जास्त घट्ट होतं, कारण तिथे गायक पात्र होऊन बोलत नाही. 'मी' म्हणून, स्वतःचं गाव, गल्ली, आई आणि जखमा सांगत बोलतो. कानात यंत्र घालून ऐकणाऱ्या पोराला तो आपला मोठा भाऊ वाटतो. मग भावाचं भांडण ते आपलं.

या प्रकाराचं मूळ मात्र फार जुनं आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये 'डझन्स' नावाचा एक खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. दोन पोरांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांचा, विशेषतः एकमेकांच्या आईचा, चढत्या श्रेणीने उद्धार करायचा, भोवती कोंडाळं करून उभ्या राहिलेल्यांनी दाद द्यायची आणि जो चिडला तो हरला. जॉन डोलार्ड या समाजशास्त्रज्ञाने १९३९ सालीच त्यावर लिहिलं होतं. पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते विल्यम लॅबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाचं काम. त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या पोरांची ही बोलणी टिपून घेतली आणि १९७२ साली त्यांचे नियम मांडले. नियम साधा आहे. खेळातली शिवी उघड उघड खोटी असली पाहिजे. इतकी खोटी, इतकी अचाट, की ऐकणाऱ्या कुणालाही ती खरी वाटणं शक्य नाही. अशा शिवीला उत्तर म्हणून दुसरी शिवी येते. तीत सत्याचा अंश शिरला की मात्र समोरचा शिवी न देता 'असं काही नाही' असं म्हणतो, खुलासा करतो. ज्या क्षणी खुलासा आला त्या क्षणी खेळ संपलेला असतो आणि भांडण सुरू झालेलं असतं.

हे वाचल्यावर ड्रेकचं शेवटचं गाणं का पडलं ते मला कळलं. ते गाणं म्हणजे खुलासा होता. जुन्या नियमाने, खुलासा करणारा हरला. श्रोत्यांना हा नियम कुणी शिकवलेला नव्हता, तरी तो त्यांच्या रक्तात होता आणि त्यांनी एका रात्रीत निकाल लावून टाकला. पण एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप झाला, तर त्याने खुलासा करू नये तर करावं काय? गप्प बसला तर कबुली, बोलला तर हार.

आपल्याकडचे कलगी-तुऱ्याचे सामने ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे सगळं अगदीच परकं वाटणार नाही. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणारे, कलगीवाले शक्तीला. एका फडाने कूट सवाल टाकायचा, दुसऱ्याने पुराणातला दाखला देऊन तो सोडवायचा आणि जाता जाता समोरच्या शाहिराची यथेच्छ रेवडी उडवायची. कोकणात शक्ती-तुरा अजूनही रंगतो. शहरातल्या वाचकांना निदान १९६४ चा 'सवाल माझा ऐका' हा चित्रपट आठवत असेल. त्या सामन्यांतही शिवराळपणा काही कमी नसे. पण वाद अखेर शिव मोठा की शक्ती मोठी याचा होता आणि तो कधीच सुटणार नाही हे गाणाऱ्यांना ठाऊक होतं, ऐकणाऱ्यांनाही. पहाटे घोंगडी झटकून घरी जाणारा माणूस कुणाच्या घरातली गोष्ट बरोबर घेऊन जात नसे. निदान पुष्कळदा नसे. आणि मुख्य म्हणजे शाहीर त्याच्या समोर होता. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा उतरला तर तो दिसत होता.

रॅपच्याही सुरुवातीला असंच होतं. १९८१ च्या डिसेंबरात हार्लेमच्या एका क्लबात कूल मो डी आणि बिझी बी यांचा सामना झाला, तो आजही दाखल्यासारखा सांगितला जातो. निकाल त्याच खोलीतल्या माणसांनी आरोळ्यांनी दिला. १९८४ साली एका गटाने रॉक्सॅन नावाच्या काल्पनिक मुलीची टिंगल करणारं गाणं काढलं, तर क्वीन्समधल्या चौदा वर्षांच्या एका खऱ्या मुलीने रॉक्सॅन शांते या नावाने त्याला सणसणीत उत्तर दिलं. मग रॉक्सॅनच्या आईवडिलांची गाणी निघाली, डॉक्टरचं गाणं निघालं, अशा डझनांनी तबकड्या. शेवटी 'आता रॉक्सॅन पुरे' अशा अर्थाचीही एक आली. हे सगळं वाचताना मला फार मजा वाटली. कुणाचं रक्त सांडलं नाही, उलट एक गुणी मुलगी जगाला ठाऊक झाली.

दहा वर्षांनी मात्र चित्र पार बदललं. ३० नोव्हेंबर १९९४ ला न्यूयॉर्कमधल्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या खालच्या मजल्यावर टुपाक शकूरवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला. त्या वेळी त्याचा एकेकाळचा मित्र बिगी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होता. काही महिन्यांत बिगीचं 'हू शॉट या?' हे गाणं आलं. 'तुला गोळी कुणी मारली?' असा त्या शीर्षकाचा अर्थ. बिगीचं म्हणणं, हे गाणं त्या घटनेच्या आधीच तयार होतं. टुपाकने ते आपल्यावरच घेतलं. त्याच्या जागी कुणीही घेतलं असतं. पण गोष्ट त्या दोघांत राहिली नाही. मासिकांनी 'पूर्व विरुद्ध पश्चिम' असा रंग दिला, न्यूयॉर्क विरुद्ध लॉस एंजेलिस. ज्यांनी ही दोन्ही शहरं पाहिलेली नाहीत अशी पोरंही पूर्वेची किंवा पश्चिमेची झाली. १९९६ च्या जूनमध्ये टुपाकचं 'हिट एम अप' आलं, त्यात खेळाचा मागमूस नव्हता. सप्टेंबरात लास व्हेगासमध्ये त्याच्यावर गोळीबार झाला आणि तेरा तारखेला तो गेला, वय पंचवीस. ९ मार्च १९९७ ला लॉस एंजेलिसमध्ये बिगी मारला गेला, वय चोवीस. टुपाकच्या खून प्रकरणी पहिली अटक व्हायला २०२३ साल उजाडलं. गाण्यांनी हे खून केले असं मी म्हणत नाही, त्यामागे टोळ्यांची वैरं होती. पण दोन वर्षं ज्या लाखो लोकांनी 'आता तो काय उत्तर देणार' म्हणून वाट पाहिली, त्यांच्यापैकी किती जणांनी 'पुरे' म्हटलं असेल?

'पुरे' म्हणणाऱ्याचं काय होतं ते २०२४ मध्ये दिसलंच. मघाशी ज्याचं नाव आलं तो जे. कोल. त्याच्याकडूनही उत्तराची अपेक्षा होती. पाच एप्रिलला त्याने लामारवर टीका करणारं गाणं काढलं. दोनच दिवसांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात स्वतःच्याच महोत्सवात तो मंचावर उभा राहिला आणि हजारो लोकांसमोर म्हणाला की हे गाणं करून माझी चूक झाली, मला रात्री झोप आली नाही. गाणंही त्याने मागे घेतलं. जगभर त्याची जी थट्टा झाली ती ऐकून मी थक्क झालो. भेकड, शेपूटघालू, वगैरे. महिन्याभराने भांडण आईबाप-मुलांपर्यंत गेल्यावर त्यातलेच अनेक लोक म्हणू लागले की कोल शहाणा निघाला. मी नातवाला विचारलं, "तू तेव्हा काय म्हणाला होतास?" तो हसला. "मी पण हसलो होतो. सगळेच हसत होते."

सगळेच हसत होते. इथे मला हेन्री ताज्फेल या मानसशास्त्रज्ञाचा १९७० च्या सुमाराचा प्रयोग आठवतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातली चौदा-पंधरा वर्षांची शाळकरी मुलं घेऊन त्याने त्यांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि तुमच्या आवडीप्रमाणे गट पाडले आहेत असं सांगितलं. खरं म्हणजे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. मग प्रत्येकाला दुसऱ्यांमध्ये थोडे पैसे वाटायला दिले. स्वतःला त्यातलं काहीही मिळणार नव्हतं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, यात नवल नाही. नवल पुढे आहे. आपल्या गटाला एकूण जास्त मिळेल असा पर्याय असताना कित्येकांनी असा पर्याय निवडला की ज्यात आपल्याला थोडं कमी मिळेल, पण समोरच्यांपेक्षा फरक मोठा पडेल. फायद्यापेक्षा फरक प्यारा. बँकेत पगारवाढीच्या वाटाघाटी पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

दुसरा प्रयोग रॉबर्ट चिअल्डिनी यांचा, १९७६ साली प्रसिद्ध झालेला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते. संघ जिंकला तर 'आपण जिंकलो', हरला तर 'ते हरले'. त्या रविवारी फिलाडेल्फियाचा संघ अखेर ४०-२२ असा जिंकला तेव्हा माझे जावई, ज्यांचा जन्म सांगलीचा, 'आपण मारलं' म्हणाले. आपल्याकडे, मुंबईतही २०१८ साली एमीवे बंटाई आणि रफ्तार यांच्यात अशीच गाण्यांची फेरी झाली, तेव्हा ठाण्यातला माझा एक भाचा 'आपण' हाच शब्द वापरत होता. तो कुणाच्या बाजूचा होता हे सांगत नाही, घरी वाद होतील.

तेव्हा माणसं बाजू घेतात, यात मला तक्रार नाही. बाजू घेतल्याशिवाय सामना पाहणं म्हणजे मिठाशिवाय आमटी. माझं म्हणणं वेगळं आहे. जुन्या खेळात कोंडाळ्याला एक काम होतं. शिवी खोटी आहे हे सगळ्यांना मिळून माहीत असणं आणि म्हणून हसणं. त्या हसण्याने दोघेही सुरक्षित राहत. आजच्या श्रोत्याला खोट्या शिवीत रस उरलेला नाही. त्याला गौप्यस्फोट हवा असतो. शिवी खरी असण्याची शक्यता जितकी जास्त तितकी मजा जास्त. आणि तरीही, कुणी जाब विचारला की तो म्हणतो, 'छे हो, खेळ आहे.' एकाच तोंडाने त्याला पुरावाही हवा आहे आणि करमणूकही.

बँकेत आमच्याकडे 'सस्पेन्स' नावाचं खातं असे. ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची. खरी कुणाची, कशाची, ते नंतर शोधू. इन्स्पेक्शन आलं की पहिला प्रश्न त्या खात्याचा, कारण तिथे पडून राहिलेली नोंद हळूहळू सगळ्यांच्या अंगवळणी पडते. श्रोत्यांनी ड्रेकवरचा आरोप असाच सस्पेन्सला टाकला आहे. लामारवरचाही टाकला आहे, पण तो हरलेल्याने केलेला म्हणून कुणाच्या लक्षात नाही. त्यातली गंभीर गोष्ट खरी असेल तर एखाद्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तिच्यासाठी कुणी आरोळी ठोकलेली नाही. खोटी असेल तर एका माणसाच्या अब्रूचा. जिंकला-हरला एवढ्यावर दोन्ही प्रश्न मिटले.

२००१ सालची एक गोष्ट मला म्हणूनच आवडते. जे-झी आणि नॅस या न्यूयॉर्कच्या दोन गायकांची तेव्हा जुंपली होती. जे-झीने 'सुपर अग्ली' या गाण्यात नॅसच्या मुलीच्या आईविषयी फार हीन बोललं. रेडिओ केंद्राने फोनवरून मतं मागवली होती, लोक उत्साहाने कौल देत होते. थांबवलं कुणी? जे-झीच्या आईने. तिने लेकाला सांगितलं की हे अति झालं, त्या बाईची माफी माग. त्याने रेडिओवर माफी मागितली. पुढे २००५ मध्ये दोघांनी एका मंचावर हात मिळवले, आणि जे-झी ज्या कंपनीचा अध्यक्ष होता तिच्याशी नॅसने करारही केला. लाखो श्रोत्यांत कुणाला न सुचलेली गोष्ट एका बाईला सुचली, कारण तिला त्या गाण्यात एक दुसरी बाई दिसली.

ड्रेकने पुढे काय केलं ते सांगायचं राहिलं. २०२५ च्या जानेवारीत त्याने न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो लामारवर नाही, ते गाणं वितरित करणाऱ्या युनिव्हर्सल म्युझिक या कंपनीवर, जी त्याचीही कंपनी. रॅपर असून कोर्टात गेला म्हणून लोक आणखी हसले. फेब्रुवारीत त्याच गाण्याला पाच ग्रॅमी पारितोषिकं मिळाली आणि आठवड्याभराने सुपर बोलच्या मध्यंतरात ते तेरा कोटींहून अधिक लोकांनी पाहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायाधीश जेनेट व्हर्गस यांनी दावा फेटाळला. अशा तापलेल्या शाब्दिक लढाईच्या संदर्भात, समंजस श्रोता या ओळी म्हणजे वस्तुस्थितीचं कथन आहे असं मानणार नाही, हे मत झालं, असा त्यांचा निष्कर्ष. ड्रेकने अपील करण्याचा निर्णय जाहीर केला.

कायदा म्हणून निकाल मला योग्य वाटतो. गाण्यातल्या प्रत्येक ओळीसाठी कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर उद्या तमाशातल्या वगाला आणि माझ्या कादंबरीलाही वकील लावावा लागेल. पण तो 'समंजस श्रोता' कोण? शाळेच्या बसमध्ये आकड्यांचे अर्थ लावणारा माझा नातू? कायद्याने त्याला समंजस मानलं आहे. कायद्याला कुणाला तरी मानावंच लागतं. मी श्रोता म्हणून किती समंजस होतो ते सांगतो.

नोकरीला लागून मला चार-पाच वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावची शाखा. दर वर्षी शाखेच्या वर्धापनदिनी संध्याकाळी कर्मचाऱ्यांचा कार्यक्रम होई आणि त्यात हेड कॅशियर आणि कर्ज विभागातला एक कारकून यांचे सवाल-जबाब हा मुख्य पदार्थ असे. हेड कॅशियर पन्नाशीचे, गावाकडे भेदिक गाणाऱ्या फडात वाढलेले, स्वतः डफ वाजवत. कॅशियरांच्या पोटात नोटांची बंडलं आहेत, कारकुनाच्या डोळ्यांना कर्ज मागणाऱ्या बायकाच तेवढ्या दिसतात, अशा थाटाचं सगळं. उघड खोटं, म्हणून सगळे पोट धरून हसत. कारकुनाला यमक जुळत नसे. दिवाळी अंकांत माझ्या दोन कथा आल्या होत्या, त्यामुळे त्याच्या ओळी मी लिहून देत असे. त्या वर्षी तो म्हणाला, "साहेब, दर वेळी म्हातारा टाळ्या घेऊन जातो. यंदा काहीतरी झोंबणारं द्या." आणि त्याने मला सांगितलं की कॅशियरांची मुलगी चार महिने झाले सासरहून परत आली आहे.

मला ते ठाऊक होतं. शाखेत सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी ओळी लिहिल्या. न वटता परत आलेला चेक, असा श्लेष त्यात होता. तो माझा होता, कारकुनाला सुचला नसता. नाव कुणाचंच नव्हतं.

त्या ओळीवर जेवढा हशा पिकला तेवढा त्या सभागृहात कधी पिकला नसेल. मीही हसलो, आणि ओळ जमली म्हणून मला आनंदही झाला. मग कॅशियरांची पाळी. त्यांनी डफ उचलला, दोन थापा मारल्या, थांबले आणि साध्या बोलण्यात म्हणाले, "तसं काही नाही. बाळंतपणाला आली आहे ती." ते खरं नव्हतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. लोक पुन्हा हसले. यंदा कर्ज विभाग जिंकला, असं जेवताना सगळे म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी नेहमीप्रमाणे कॅश उघडली. एका व्हाउचरवर माझी सही हवी होती, ते त्यांनी शिपायाबरोबर पाठवलं. त्याआधी ते स्वतः घेऊन येत आणि दोन मिनिटं उभ्याउभ्या गप्पा मारत. ओळी कुणाच्या, हे त्यांना समजलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

न्यू जर्सीहून निघायच्या आदल्या रात्री ही गोष्ट मी नातवाला सांगितली. तो बराच वेळ मोबाइल उलटा ठेवून बसला होता. मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही सॉरी म्हणालात?"

मी म्हणालो, नाही. जूनमध्ये त्यांची बदली झाली. निरोपसमारंभात त्यांच्याविषयी चार शब्द बोलायचं काम, लिहिणारा माणूस म्हणून, माझ्याकडेच आलं होतं. भाषण चांगलं झालं. टाळ्या पडल्या.